धागा : काटेसावर, कडुनिंब आणि तारुण्यपीटिका

१/ चोपडा, यावल किंवा शिरपूरहून सातपुड्याच्या पायथ्याकडे निघालात, की काटेसावर भेटतेच. तिच्या कोवळ्या खोडावरचे शंकूसारखे काटे नीट पाहून ठेवा. तरुणांच्या चेहऱ्यावरील पुटकुळ्यांना सुश्रुतसंहितेने याच काट्यांची उपमा दिली आहे. व्याधीचे नाव ‘मुखदूषिका’.

२/ उपचार कोणता? आधी वमन, म्हणजे ओकारी काढणे. मग लेप : वेखंड, लोध्र, सैंधव आणि मोहरी, किंवा धने, वेखंड, लोध्र आणि कोष्ठ. मुळे, साल, बिया, मीठ. पान मात्र एकही नाही!

३/ मग मुरुमांवर घरोघरी वाटला जाणारा कडुनिंबाचा पाला आला कोठून? निंबपत्र त्याच ग्रंथात आहे, पण व्रणासाठी. जखम शुद्ध करण्यास तीळ, मध व निंबाची पाने यांचा कल्क सांगितला आहे. शस्त्रकर्मानंतर मोहरी, निंबपत्र, तूप व मीठ यांची धुरी दिवसातून दोनदा, सलग दहा दिवस द्यावयाची. जखमेवरचा हा पाला लोकव्यवहारातून गालापर्यंत पोहोचला असावा, असा माझा तर्क आहे.

४/ १८९६ साली जर्मन त्वचारोगतज्ज्ञ उन्ना यांना मुरुमाच्या आत जीवाणू दिसले. त्यानंतर दहा वर्षांनी, १९०६ मध्ये, खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले; तेच पुढचे जळगाव आणि धुळे. त्या जीवाणूची नावे मात्र बदलतच राहिली. आजचे ‘क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस’ हे नाव २०१६ चे.

५/ जळगावचे विद्यापीठ १९९० चे, शिरपूरचे औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय १९९२ चे. अशा संस्थांतील एक नेहमीचा प्रयोग असा : सावलीत वाळवलेल्या पानांचा अर्क काढायचा, जीवाणू पेरलेल्या अगारच्या बशीत खाचा पाडून त्यात तो भरायचा आणि उबवणीनंतर भोवती उमटलेले स्वच्छ वर्तुळ मोजायचे. शेजारच्या खाचेत नुसता द्रावक हवाच. नाहीतर जीवाणू पानाने मेले की अल्कोहोलने, हे कळणार कसे?

६/ वर्तुळ पाहून हुरळून जाण्याचा मोह मोठा असतो. बशीतला जीवाणू उघड्यावर असतो. चेहऱ्यावरचा केसाच्या मुळाशी, तेलकट स्रावात, प्राणवायू जवळजवळ नसलेल्या जागी दडतो. अर्क तिथवर पोहोचला पाहिजे, आणि कातडी भाजता कामा नये.

७/ बशी ओलांडून माणसांपर्यंत गेलेले एक पान ऑस्ट्रेलियाचे आहे : टी ट्री. १९९० मध्ये १२४ रुग्णांवरील चाचणीत त्याच्या पानांचे ५ टक्के तेल आणि ५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड यांची तुलना झाली. गुण दोन्हींनी आला. तेलाने उशिरा, पण त्रासही कमी झाला. तिथे तेलाचे प्रमाण ठरलेले होते. आपल्या पाट्यावरच्या पाल्यात कोणता घटक किती, हे झाडागणिक आणि ऋतूगणिक बदलते.