जानेवारीचे मूल आणि हॉकीची कारकीर्द

माल्कम ग्लॅडवेल यांचे ‘आउटलायर्स’ हे पुस्तक २००८ मध्ये आले आणि एक मत जगभर रूढ झाले: कॅनडात व्यावसायिक आइस हॉकीपटू व्हायचे तर जन्म जानेवारीत झालेला बरा. आइस हॉकीचा एकही सामना न पाहिलेल्या कित्येक मराठी वाचकांनाही हे मत ठाऊक आहे, कारण यश परिस्थितीने घडते हे पटवायचे असले की हाच दाखला पुढे येतो. या मताचा निम्मा भाग खरा आहे. उरलेला निम्मा चुकीचा आहे, आणि सगळा निष्कर्ष नेमका त्याच निम्म्यावर उभा आहे.

पूर्वपक्ष आधी प्रामाणिकपणे मांडू. कॅनडात मुलांच्या हॉकीचे वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात जन्मलेला मुलगा आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरअखेर जन्मलेला मुलगा एकाच गटात खेळतात. नऊ-दहा वर्षांच्या वयात बारा महिन्यांचे अंतर उंचीत, वजनात, ताकदीत स्पष्ट दिसते. निवड करणाऱ्याला थोराड मुलगा अधिक गुणी वाटतो आणि तो निवडक संघात जातो. तिथे त्याला चांगला प्रशिक्षक मिळतो, सोबती तयारीचे असतात, आणि मोसमाला वीसऐवजी पन्नास ते पाऊणशे सामने खेळायला मिळतात. मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये हा कल शोधनिबंधात मांडला. सामन्याच्या माहितीपुस्तिकेतल्या जन्मतारखा वाचताना तो प्रथम त्यांच्या पत्नी पॉला यांच्या ध्यानात आला होता. ग्लॅडवेल यांनी मेडिसिन हॅट टायगर्स या ज्युनियर संघाची यादीच समोर ठेवली. तिच्यातल्या २५ खेळाडूंपैकी १७ जण जानेवारी ते एप्रिल या चार महिन्यांत जन्मलेले होते.

इथवर वाद नाही. पुढची पायरी मात्र निसरडी आहे. ग्लॅडवेल म्हणतात की सुरुवातीला हा मुलगा फक्त वयाने मोठा असतो, पण जादा सरावामुळे तेरा-चौदाव्या वर्षापर्यंत तो खरोखरच सरस होतो. म्हणजे निवडणाऱ्याची चूक काही वर्षांनी आपोआप बरोबर ठरते. या पायरीला दिलेला पुरावा कोणता, तर ज्युनियर संघांच्या याद्या. पण कोणाला आत घेतले एवढेच त्या याद्या सांगतात. आत गेल्यावर कोण टिकला, कोणी किती गोल केले, कोणाची कारकीर्द पंधरा वर्षे चालली आणि कोण दोन मोसमांत घरी परतला, याबद्दल त्या काहीच बोलत नाहीत. साध्य आहे गुणवत्ता आणि हेतू म्हणून दिली आहे निवड. दोहोंची व्याप्ती, म्हणजे जिथे निवड तिथे गुणवत्ता हा अतूट संबंध, सिद्ध केल्याशिवाय हे अनुमान उभे राहत नाही.

ती तपासायची सोय हॉकीतच आहे. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचे क्लब दरवर्षी ड्राफ्टमध्ये अठराच्या आसपासच्या मुलांना क्रमाने निवडतात. जानेवारीचा मुलगा खरोखरच सरस झाला असेल, तर त्याच क्रमांकावर निवडलेल्या सप्टेंबरच्या मुलापेक्षा त्याची कारकीर्द निदान कमी ठरू नये. रॉबर्ट डीनर, एरन लोवेन आणि स्टीफन कोब्ली यांनी २०१३ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात १९८० ते २००६ या काळात निवडलेल्या कॅनेडियन खेळाडूंचा हिशोब मांडला. निवडलेल्यांत जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेले ३६ टक्के होते. पण निवडलेल्या सर्वांनी मिळून एनएचएलमध्ये जेवढे सामने खेळले त्यात जानेवारी ते मार्चवाल्यांचा वाटा २८ टक्केच, आणि मिळवलेल्या गुणांत (गोल आणि गोलसाठी केलेले साहाय्य मिळून) २५ टक्के. उलट जुलै ते डिसेंबरमध्ये जन्मलेले निवडलेल्यांत ३४ टक्के, सामन्यांत ४२ टक्के आणि गुणांत ४४ टक्के. ड्राफ्टमधला क्रमांक सारखा धरला तरी ४०० सामने किंवा २०० गुण गाठण्याची शक्यता वर्षाच्या उत्तरार्धातल्यांची जवळपास दुप्पट निघाली.

यावर एक शहाणा आक्षेप येतो. उशिरा जन्मलेली बहुतेक मुले आधीच गळतात. जी टिकून अठराव्या वर्षी ड्राफ्टपर्यंत पोचतात ती असामान्यच असणार, मग ती पुढे गेली यात नवल काय? आक्षेप बरोबर आहे, पण तो ग्लॅडवेल यांना वाचवत नाही. ती असामान्य असतील तर ड्राफ्टमध्ये त्यांना वरचा क्रमांक मिळायला हवा होता. अर्थशास्त्रात गॅरी बेकर यांच्या नावाशी जोडलेली कसोटी हेच सांगते: वरकरणी एकाच मापाने निवडलेल्या दोन गटांपैकी एकाची कामगिरी सातत्याने सरस निघत असेल, तर त्या गटाला लावलेले माप जास्त कडक होते. अठराव्या वर्षीही स्काउट, म्हणजे क्लबांसाठी खेळाडू हेरणारे, जानेवारीच्या मुलाला वाजवीपेक्षा जास्त आणि ऑक्टोबरच्या मुलाला वाजवीपेक्षा कमी मोजत होते. नऊ वर्षांच्या मुलांत झालेली चूक सरावाने सत्य झाली नव्हती. ती चूकच राहिली होती.

दुसरा आक्षेप अधिक बारीक आहे. ड्राफ्टचा हिशोब १ जानेवारीवर चालत नाही. १५ सप्टेंबरपर्यंत अठरा पूर्ण झालेलाच त्या वर्षी पात्र ठरतो. म्हणून ऑक्टोबर-डिसेंबरची मुले एक वर्ष थांबतात आणि आपल्या ड्राफ्टमध्ये वयाने सर्वांत मोठी असतात. ही तारीख किती काटेकोर पाळतात ते अलेक्झांडर ओवेच्किनच्या बाबतीत दिसले. त्याचा जन्म १७ सप्टेंबर १९८५ चा, म्हणजे २००३ चा ड्राफ्ट दोन दिवसांनी हुकला. फ्लोरिडा पँथर्सने लीप वर्षांचे दिवस मोजून तो पात्र ठरतो असा युक्तिवाद केला. लीगने तो फेटाळला. पुढच्या वर्षी वॉशिंग्टनने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतले आणि एप्रिल २०२५ मध्ये त्याने वेन ग्रेट्झकीचा ८९४ गोलांचा विक्रम मोडला. तर मग उशिरा जन्मलेल्यांचे यश हे या जादा वर्षाचे फळ असेल का? नाही. जुलै-ऑगस्टची मुले वयोगटातही लहान आणि ड्राफ्टमध्येही लहान, तरी डीनर यांच्या हिशोबात तिसरी तिमाहीही सरसच ठरते. सिडनी क्रॉसबी ७ ऑगस्ट १९८७ चा. त्याला मात्र स्काउटांनी ओळखले आणि २००५ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडले.

शिखराकडे जावे तसा जानेवारीचा भरणा विरळ होतो. बेंजामिन गिब्ज आणि सहकाऱ्यांना २०१२ मध्ये आढळले की ज्युनियर हॉकीत ठळक असलेला हा कल एनएचएलमध्ये क्षीण होतो, आणि ऑल-स्टार व ऑलिंपिक संघांत तर उलटतो. वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत जन्मलेले एनएचएलपटू जास्त गुण मिळवतात आणि जास्त पगारही घेतात, असे २०१७ च्या एका अभ्यासात दिसले. मारिओ लेम्यू आणि गोलरक्षक पॅट्रिक रुआ हे दोघे एकाच दिवशी जन्मले, ५ ऑक्टोबर १९६५. दोघेही १९८४ च्या ड्राफ्टमधले. लेम्यू पहिला, रुआ ५१ वा. रुआने पुढे चार वेळा स्टॅनले कप जिंकला. सुट्या नावांनी सिद्धांत ठरत नाही हे मला मान्य आहे, आकडे त्यासाठीच आधी दिले.

ग्रेट्झकीचे उदाहरण मात्र सोडवत नाही, कारण तो २६ जानेवारी १९६१ चा आणि म्हणून या मताचा भक्कम आधार वाटतो. प्रत्यक्षात ब्रँटफर्डमध्ये सहाव्या वर्षी तो दहा वर्षांच्या मुलांच्या संघात खेळत होता. वयोगटात सर्वांत मोठा असण्याचा फायदा त्या सुरुवातीच्या वर्षांत त्याच्या वाट्याला आलाच नाही. बर्फावर तेव्हा तो इतरांहून लहान असे. दहाव्या वर्षी त्याने एका मोसमात ३७८ गोल केले ते या वर्षांनंतर, आणि एकट्या महिन्याने त्यांचा उलगडा होत नाही.

मग काय मानावे? बालवयातला अन्याय खरा आहे आणि त्याबद्दल ग्लॅडवेल यांनी उठवलेला आवाज योग्यच होता. जन्ममहिन्यानुसार दोन-तीन स्वतंत्र लीग चालवाव्यात ही त्यांची सूचना लहान मुलांसाठी मी आनंदाने स्वीकारीन. पण जानेवारीचा मुलगा सरावाने खरोखर सरस होतो असे म्हटले की निवड करणारे मोकळे सुटतात: आम्ही तर आज जो चांगला आहे त्यालाच घेतो! आकडे सांगतात की ते तसे घेत नव्हते. अठराव्या वर्षी ऑक्टोबरचा किंवा ऑगस्टचा मुलगा ड्राफ्टच्या यादीत होता, तयार होता, आणि त्याचा खेळ पाहण्यासाठी पगार घेणाऱ्या माणसांनी त्याला खाली ढकलले. त्यासाठी नवी लीग नको. खेळाडूची उंची, वजन आणि गुण जिथे नोंदले जातात तिथे जन्मतारीखही त्याच गांभीर्याने वाचली जायला हवी, आणि हे काम क्लबांना उद्यापासून करता येण्यासारखे आहे.