स्नोबोर्डवर प्लास्टिकचे कडक बूट कशासाठी? अल्पाइन स्नोबोर्डिंगचं साहित्य कसं निवडायचं आणि कसं जपायचं?

२०१८च्या प्योंगचांग हिवाळी ऑलिंपिकमध्ये चेक प्रजासत्ताकाच्या एस्टर लेडेकानं स्कीइंगमधली सुपर-जी शर्यत अवघ्या ०.०१ सेकंदाच्या फरकानं जिंकली. आठवड्याभरानं तिनं स्नोबोर्डच्या पॅरलल जायंट स्लॅलममध्येही सुवर्णपदक मिळवलं. एकाच हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्की आणि स्नोबोर्ड या दोन्हींत सुवर्ण जिंकणारी ती पहिली खेळाडू ठरली. २०२२मध्ये बीजिंगला तिनं स्नोबोर्डचं सुवर्ण पुन्हा जिंकलं.

या शर्यतींचे व्हिडिओ पाहताना एक गोष्ट लगेच लक्षात येते. हवेत गिरक्या घेणाऱ्या स्नोबोर्डरकडे असतो तसला हा बोर्ड नसतो. तो लांब आणि अरुंद असतो, खेळाडूची दोन्ही पावलं पुढच्या दिशेला वळलेली असतात आणि पायात स्कीसारखे कडक प्लास्टिकचे बूट असतात. या प्रकाराला अल्पाइन स्नोबोर्डिंग म्हणतात. त्याचं साहित्य कसं निवडायचं, कसं जपायचं आणि त्यात कुठे हयगय चालत नाही, ते समजून घेऊ.

हार्ड बूटनं नेमका काय फरक पडतो?

नेहमीच्या स्नोबोर्डचे बूट मऊ असतात. पाय थोडा हलतो, बूट थोडा दबतो, पट्टे थोडे ताणले जातात. उड्या आणि करामतींसाठी ही सैल जागा सोयीची असते. पण घट्ट दाबलेल्या किंवा गोठलेल्या बर्फावर वेगात वळायचं असेल, तर हीच सैल जागा अडचण ठरते. गुडघा झुकल्यापासून बोर्डाची कडा बर्फात रुतेपर्यंत मध्ये वेळ जातो.

हार्ड बूटमध्ये बाहेर प्लास्टिकचं कवच, आत मऊ लायनर आणि वर तीन-चार बक्कल असतात. पायाचा जोर जवळजवळ थेट कडेपर्यंत पोहोचतो. त्यामुळे बोर्ड घसरत नाही, कडेवर चालत वळतो आणि मागे बर्फात बारीक, स्वच्छ रेघ उमटते. यालाच कार्व्हिंग म्हणतात.

आधी धोका समजून घ्या

स्कीच्या बाइंडिंगवर ठरावीक मर्यादेपलीकडे जोर आला की ती आपोआप सुटते आणि पाय मोकळा होतो. स्नोबोर्डची बाइंडिंग, मग ती हार्ड बूटची असली तरी, अशी सुटत नाही.

असं का? स्नोबोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीला जोडलेले असतात. पडताना एक पाय सुटला आणि दुसरा अडकून राहिला, तर अख्खा बोर्ड त्या एकाच पायाला पिळतो. घोटा किंवा गुडघा जायला तेवढं पुरे.

म्हणजे वेगात असताना बाइंडिंगची तार तुटली, स्क्रू निघाला किंवा बुटाचं प्लास्टिक फुटलं, तर नको ती परिस्थिती नेमकी उभी राहते. म्हणून या खेळात देखभाल ही आधी सुरक्षेची बाब आहे, वेगाचा विचार त्यानंतर येतो.

खरेदीचा क्रम: बूट, बाइंडिंग, मग बोर्ड

बहुतेक नवखे आधी बोर्डाच्या प्रेमात पडतात आणि बुटांवर पैसे वाचवतात. क्रम उलटा हवा. बोर्ड किती रुंद लागेल, हे बुटाच्या लांबीवर ठरतं.

हार्ड बूटचं माप मोंडोपॉइंट पद्धतीनं म्हणजे पावलाच्या सेंटिमीटरमधल्या लांबीनं दिलं जातं. पाऊल २६.५ सेंमी असेल तर माप २६.५. रोजच्या चपला-बुटांचा नंबर इथे कामाचा नाही.

बूट बसतो का, हे पाहण्याची खात्रीची पद्धत अशी:

- लायनर काढा आणि रिकाम्या कवचात पाय घाला.
- बोटं पुढे हलकी टेकवा.
- टाचेमागे किती जागा उरते ते पाहा. साधारण एक ते दोन सेंटिमीटर ठीक. शर्यतीत उतरणारे कमी ठेवतात, हौशी लोक थोडी जास्त.
- त्याहून जास्त जागा असेल तर बूट मोठा आहे. जाड मोजे घालून तो बरोबर होत नाही.

बरेच लायनर गरम करून पायाच्या आकारात बसवता येतात. हे काम बूट-फिटरकडून करून घेतलेलं चांगलं. टाच वर उचलली जात असेल तर बक्कल करकचून आवळणं हा उपाय नव्हे. त्यानं रक्तप्रवाह अडतो आणि पाय बधिर होतात.

स्कीचे जुने बूट चालतील का, हा नेहमीचा प्रश्न. तारेच्या बाइंडिंगमध्ये ते बऱ्याचदा बसतात, पण त्यांचा तळ लांब असतो आणि घोट्यापाशी ते फार ताठ असतात. स्नोबोर्डच्या हार्ड बूटचा तळ आखूड, टाच तिरकी कापलेली आणि घोट्याला थोडी हालचाल असते. एखाद दिवस करून पाहणं वेगळं, शिकण्यासाठी मात्र खरे हार्ड बूटच घ्या. यात डीलक्स आणि यूपीझेड ही नावं वारंवार ऐकू येतात.

बाइंडिंग: तार की स्टेप-इन?

दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात बुटाची टाच मागच्या तारेत अडकवायची आणि चवड्यावरचा खटका हातानं दाबून बंद करायचा. यात भाग कमी, त्यामुळे बिघाडही कमी आणि काय झिजलंय ते डोळ्यांना दिसतं.

दुसरा प्रकार स्टेप-इन. बुटाच्या टाचेत दोन पिना असतात. पाय दाबला की त्या बाइंडिंगमध्ये बसतात. सोडवायला बुटाच्या वरच्या टोकाकडची दोरी ओढायची. वाकावं लागत नाही, हे सुख. पण ती दोरी आत एका धातूच्या केबलला जोडलेली असते आणि केबल झिजते. शिवाय बुटाला या पद्धतीची टाच बसते का, ते आधी तपासावं लागतं.

दोन्ही प्रकारांत पायाखाली पाचरीसारखे तुकडे घालून पुढच्या पायाचा चवडा आणि मागच्या पायाची टाच साधारण ३ ते ६ अंशांनी उचलता येते. यानं गुडघे नैसर्गिक जागी राहतात. दोन पावलांमधलं अंतर उंचीनुसार बहुधा ४८ ते ५२ सेंमीच्या आसपास असतं.

शर्यतीतल्या बोर्डांवर बाइंडिंगखाली एक वेगळी प्लेट दिसते. ती बोर्डाला मोकळं वाकू देते आणि धक्के कमी करते. सुरुवातीला तिची गरज नाही. तिनं वजन, खर्च आणि तपासायचे स्क्रू एवढंच वाढतं.

बोर्ड: लांबीपेक्षा त्रिज्या पाहा

बोर्डाच्या दोन्ही बाजू आत वळलेल्या असतात. ती वक्ररेषा पुढे वाढवून पूर्ण वर्तुळ काढलं, तर त्या वर्तुळाची त्रिज्या म्हणजे साइडकट त्रिज्या. स्लॅलमच्या बोर्डाची लांबी साधारण १६० सेंमी आणि त्रिज्या १० ते १२ मीटर असते. जायंट स्लॅलमचा बोर्ड १८० सेंमीच्या पुढे जातो आणि त्रिज्या २० मीटरच्या आसपास असते.

प्रत्यक्ष वळण याहून लहान होतं. बोर्ड जितका कडेवर कलेल तितकं वळण आवळतं. भूमितीच्या हिशेबानं ६० अंश कललेला बोर्ड आपल्या त्रिज्येच्या निम्म्या त्रिज्येत वळतो. म्हणजे १२ मीटरचा बोर्ड सुमारे ६ मीटरमध्ये. म्हणून गर्दीच्या, अरुंद उतारावर २० मीटरचा बोर्ड नवख्याला झेपत नाही. तो वळवायला वेग लागतो आणि वेगाला मोकळी जागा. सुरुवात १६० ते १७० सेंमीच्या, फार ताठ नसलेल्या बोर्डानं केलेली बरी. बोर्ड किती ताठ हवा हे तुमच्या वजनावर ठरतं, म्हणून मागणीनुसार बोर्ड बनवणारे कारागीर आधी वजन विचारतात.

बूट कडेबाहेर येतोय का?

नेहमीचा स्नोबोर्ड मध्यभागी साधारण २५ सेंमी रुंद असतो. अल्पाइन बोर्ड २० सेंमीच्या आसपास. त्यावर आडवं उभं राहिलं तर बूट दोन्ही बाजूंनी बाहेर येणार. बोर्ड कलल्यावर तोच बूट बर्फाला घासतो, कडा उचलली जाते आणि खेळाडू क्षणात आडवा होतो.

म्हणून पावलं पुढे वळवतात. बुटाचा तळ ३१ सेंमी लांब धरू. बोर्डाच्या आडव्या रेषेपासून ४५ अंश वळवला, तर बोर्डाच्या रुंदीत त्याची लांबी सुमारे २२ सेंमी भरते. ६० अंशांवर ती साडेपंधरा होते. त्यात बुटाच्या रुंदीमुळे आणखी थोडी भर पडते. त्यामुळे हार्ड बूटवाले सहसा ५० ते ६५ अंशांत उभे राहतात आणि मागचं पाऊल पुढच्यापेक्षा काही अंश कमी ठेवतात.

घरी तपासायचं असेल तर बूट बाइंडिंगमध्ये बसवा आणि बरोबर वरून पाहा. चवडा किंवा टाच कडेबाहेर दिसत असेल तर अंश वाढवा, नाहीतर रुंद बोर्ड घ्या.

सेकंडहँड घेताना

हे साहित्य कमी दुकानांत मिळतं, त्यामुळे जुन्याचा बाजार मोठा आहे. पुढच्या गोष्टी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका:

- बोर्ड वाकलाय का? अनेक रेस बोर्डांत टायटॅनलचे थर असतात. नावावरून टायटॅनियम वाटतं, पण हा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू आहे. जोरात आदळल्यावर तो कायमचा वाकू शकतो. बोर्ड डोळ्यासमोर आडवा धरून टोकापासून टोकापर्यंत नजर टाका.
- थर सुटलेत का? दोन्ही टोकं आणि कडांजवळ फट दिसली तर घेऊ नका.
- स्क्रूच्या जागा. बाइंडिंगच्या स्क्रूंखाली तळाला खळगे किंवा फुगवटे आहेत का, ते पाहा.
- बुटाचं वय. प्लास्टिक न वापरताही म्हातारं होतं. माळ्यावर पंधरा वर्षं पडलेला ‘अगदी नवा’ बूट पहिल्याच दिवशी फुटू शकतो. बक्कल, घोट्याचा सांधा आणि टाचेजवळ बारीक चिरा शोधा.

जुना बोर्ड घेणं बऱ्याचदा फायद्याचं ठरतं. जुने बूट आणि जुन्या बाइंडिंगबाबत मात्र कंजुषी महागात पडते.

देखभाल कशी करायची?

कडा. उतरून आल्यावर बोर्ड कोरड्या फडक्यानं पुसा. ओला बोर्ड बंद पिशवीत ठेवला तर एका रात्रीत गंज दिसतो. धार लावताना आधी डायमंड स्टोन, मग कानस. कारण दगडावर आपटलेल्या जागी पोलाद कडक होतं आणि त्यावरून कानस नुसती घसरते. शेवटी रबरी दगडानं कुसं काढा. बाजूच्या कडेचा कोन बहुतेक जण ८७ ते ८८ अंश ठेवतात, तर तळाच्या बाजूनं अर्धा ते एक अंश उतार देतात. कोन हाताच्या अंदाजानं न धरता गाइड वापरा. तळाच्या बाजूनं जास्त घासलं गेलं, तर अख्खा तळ यंत्रावर घासून घेतल्याशिवाय ते दुरुस्त होत नाही.

मेण. तळ पांढुरका, कोरडा दिसू लागला की मेण लावायची वेळ झाली. बर्फाच्या तापमानानुसार मेण निवडा, इस्त्री सतत फिरती ठेवा. मेणातून धूर निघत असेल तर इस्त्री जास्त तापली आहे. कपड्यांच्या इस्त्रीचं तापमान वरखाली होत असल्यानं वॅक्सिंगची वेगळी इस्त्री चांगली. त्याआधी बाइंडिंगचे स्क्रू सैल करा किंवा बाइंडिंग काढून ठेवा. थंड झाल्यावर पट्टीनं खरवडून ब्रश फिरवा. आणि खिडक्या उघड्या ठेवा. फ्लोरिनयुक्त मेणावर आंतरराष्ट्रीय स्की महासंघानं २०२३-२४च्या हंगामापासून स्पर्धांमध्ये बंदी घातली आहे. त्यातली रसायनं निसर्गात वर्षानुवर्षं टिकून राहतात. हौशी वापराला साधं मेण पुरतं.

बाइंडिंग. नव्यानं बसवलेल्या बाइंडिंगचे स्क्रू पहिल्या फेरीनंतर पुन्हा तपासा. खिशात योग्य पेचकस आणि दोन जादा स्क्रू असू द्या. फार आवळणंही वाईट, त्यानं बोर्डातली आटी निघतात. खटक्याची तार दर वेळी थोडी वाकते आणि धातू थकतो. ओरखडे, वाकलेपणा किंवा चीर दिसली की तार बदला. ती टायरसारखीच झिजणारी वस्तू आहे. स्टेप-इनची केबल उसवू लागली तर तुटायची वाट पाहू नका.

बूट. रोज लायनर बाहेर काढून वाळवा, पण हीटरला चिकटवून नको. ठेवताना बक्कल हलके लावा, म्हणजे कवचाचा आकार बिघडत नाही. पार्किंगच्या डांबरावरून चालल्यानं तळाची पुढची-मागची कड झिजते आणि बाइंडिंगची पकड सैल होते. बऱ्याच बुटांचे हे तुकडे बदलता येतात.

हंगाम संपल्यावर. बोर्डाला मेणाचा जाड थर द्या आणि तो न खरवडता, कडाही झाकून, कोरड्या जागी ठेवा.

भारतात हे करता येईल?

गुलमर्गला २०२०पासून खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा होतात आणि त्यात स्नोबोर्डिंगही असतं. पण गुलमर्गची जगभरची ख्याती मऊ, ताज्या बर्फासाठी आहे. अरुंद बोर्ड त्यात बुडतो. हार्ड बूटला यंत्रानं सपाट केलेला, घट्ट उतार लागतो. युरोप, जपान किंवा उत्तर अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना ही संधी जास्त आहे. मात्र तिथेही भाड्याच्या दुकानांत बहुतेक सॉफ्ट बूटच असतात, त्यामुळे आधी चौकशी करून जा.

सेव्ह करून ठेवा: लिफ्टमध्ये बसण्याआधीची तपासणी

१. बाइंडिंगचे सगळे स्क्रू घट्ट आहेत का?
२. तारा, खटके, केबल यांवर चीर किंवा उसवलेपणा नाही ना?
३. बुटाच्या टाचेखाली आणि चवड्याखाली बर्फ अडकलेला नाही ना? अडकला तर खटका बंद झाल्यासारखा वाटतो, पण पूर्ण बसत नाही.
४. पाय अडकवल्यावर बूट जोरात हलवून पाहिला का?
५. कवचावर नवी चीर नाही ना?

दोन मिनिटांचं काम आहे. यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर मनासारखं नसेल, तर त्या दिवशी बोर्ड खांद्यावर टाकून दुरुस्तीच्या दुकानाकडे वळा.