नगारा आणि पावसाळी हवा : पोहरादेवीच्या निमित्ताने

#थ्रेड

१/ वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे संत सेवालाल महाराजांच्या समाधीचे स्थान व बंजारा समाजाचे मोठे श्रद्धापीठ. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी येथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. चार मजली, १३ दालनांच्या या वास्तूला आकार दिला आहे तो नगाऱ्याचा. बंजारा बोलीत, नंगाऱ्याचा.

२/ बांधकामातला हा नगारा ऊन-पावसाने सैल पडत नाही. खरा नगारा मात्र ऋतूगणिक बदलतो. म्हणूनच वाद्य घडवण्याच्या इतिहासाइतकाच ते हवेपासून जपण्याचा इतिहासही जुना आहे.

३/ ‘नगारा’ हा शब्द अरबी ‘नक्कारा’वरून आला. किल्ले, राजवाडे आणि देवळांचे नगारखाने त्याच कुळातले. धर्मयुद्धांच्या काळात हे वाद्य युरोपातही पोहोचले आणि पुढे तेथील वाद्यवृंदांत ‘टिंपनी’ म्हणून स्थिरावले. सर्वत्र अडचण मात्र एकच होती : ताणलेले कातडे.

४/ कातडे हे मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंचे जाळे. हवा दमट झाली की तंतू पाणी शोषून फुगतात, कातडे सैलावते आणि स्वर उतरतो. पडद्याची कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. म्हणजे ताण एक-चतुर्थांश उरला, तर स्वर संपूर्ण सप्तकाने खाली येतो. शोषलेल्या पाण्याचे वजन तो आणखी उतरवते.

५/ विदर्भात ही परीक्षा अधिक कठीण. एप्रिल-मेच्या दुपारी येथील सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास असते. ऑगस्टच्या सकाळी ती ८० टक्क्यांच्या वर जाते. चैत्रातल्या रामनवमीच्या यात्रेत टणत्कार देणारा नगारा श्रावणात बद्द वाजला, तर तो वादकाचा दोष नव्हे.

६/ यावरचा लोकपरंपरेतील उपाय म्हणजे शेक. हलगी वा डफ वाजवणारे आजही कार्यक्रमापूर्वी जाळ करून वाद्य तापवतात. उत्तर भारतातील जोड-नगाऱ्यांत तर दोन्ही टोके वापरात आली : लहान नगाऱ्याला उष्णता देऊन स्वर चढवायचा, मोठ्याला ओलावा देऊन उतरवायचा. जो ओलावा वैरी, तोच येथे स्वर लावण्याचे साधन झाला.

७/ वाद्यांच्या या दुबळेपणाचा विज्ञानालाही उपयोग झाला. प्राण्यांच्या आतड्यापासून केलेली तात ओलाव्याने पीळ बदलते, हे तंतुवाद्ये वाजवणाऱ्यांना पूर्वीपासून ठाऊक होते. युरोपात तातेवर चालणारे आर्द्रतादर्शक बनले. पुढे १७८३ मध्ये सोस्यूर या जिनिव्हाच्या शास्त्रज्ञाने मानवी केसावर चालणाऱ्या आर्द्रतामापकाचे शास्त्र मांडले.

८/ लाकडाचेही तेच. गिटारची वरची फळी जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने अधिक फुगते आणि आकसते; आतून चिकटवलेल्या आडव्या पट्ट्या मात्र त्याला तसे हलू देत नाहीत. परिणामी दमट हवेत फळीला फुगवटा येतो आणि तारा वर उचलल्या जातात. कोरड्या हवेत ती खचते, प्रसंगी तडकते. म्हणून गिटार ४५ ते ५५ टक्के आर्द्रतेत, बंद पेटीत ठेवण्याचा प्रघात आहे.

९/ येथे एक गैरसमज दूर व्हावा. घातक असतो तो केवळ ओलावा नव्हे, तर चढउतार. याचा बोलका पुरावा दुसऱ्या महायुद्धात मिळाला. १९४१ पासून लंडनच्या नॅशनल गॅलरीतील चित्रे वेल्समधील मॅनॉडच्या पाटीदगडाच्या खाणीत, स्थिर हवेत ठेवली होती. तेथे लाकडी फलकांवरील रंगांचे पापुद्रे सुटणे जवळजवळ थांबले. युद्धानंतर चित्रे लंडनला परतताच ते पुन्हा वाढले. संग्रहालयांतील हवा नियंत्रित ठेवण्याच्या विचाराला या अनुभवाने मोठे बळ दिले.

१०/ दुसरा मार्ग कातडेच बदलण्याचा. १९५० च्या दशकात अमेरिकेत पॉलिस्टरच्या पातळ पडद्याची ढोल-ताशे बाजारात आली. पाऊस असो वा ऊन, स्वर ढळत नाही. मात्र त्याचा नाद कातड्यासारखा नाही; आणि कातडे कमावणारे, मढवणारे, ताणाचा अंदाज बोटांनी घेणारे हात या सोयीमुळे कामाविना राहू लागतात.

११/ बंजारा तांडे एकेकाळी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहून नेत. पावसाळ्यात वाटा बंद होत, तांडे मुक्काम करीत. दमट हवेत मिठाला पाझर फुटतो. त्यामुळे हवेतला ओलावा हा त्यांच्या व्यापाराचाही विषय होता. रेल्वेने तो व्यापार संपवला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या समाजांवर कलंक लादला, त्यात बंजाराही भरडले गेले. एवढ्या वाताहतीतही नगारा त्यांच्या भजनांतून वाजत राहिला.

१२/ म्हणून पोहरादेवीसारख्या ठिकाणी वारसा जपायचा, तर दोन कामे लागतील. दालनांत जे कातडे, कापड, लाकूड ठेवले जाईल, त्याला बारा महिने शक्य तितकी स्थिर हवा हवी. विदर्भाच्या ऋतुमानात ही गोष्ट आपोआप होत नाही. आणि दालनाबाहेर नगारा वाजता हवा. काचेआडचा नगारा आकार टिकवतो. नाद टिकतो तो पावसाळी संध्याकाळी सैल पडलेले कातडे जाळावर धरून पुन्हा स्वरात आणणाऱ्या माणसामुळे.