तळटीप : चावडीपुढची हापशी

१. चावडीपुढची हापशी : लेखक इथे ओझरता उल्लेख करून पुढे जातात, पण हिच्यापाशी थांबायला हवे. काटोल-नरखेडकडच्या काळ्या कातळात विहीर खणणे फार कष्टाचे. विंधन यंत्रे आली तेव्हा खोलवरचे पाणी गावाला मिळू लागले. सुरुवातीचे बिडाचे पंप मात्र टिकत नसत. ते परदेशात एकेका कुटुंबासाठी घडवलेले. इथे त्यांच्यावर पहाटेपासून अख्ख्या गावाचा हात पडे. उपाय महाराष्ट्रातच निघाला, आधी जालन्याच्या मिशनमध्ये आणि मग सोलापुरात. सोलापुरी पंपाचे अंग पोलादी होते. दांड्याच्या टोकाला कमानीवरून सरकणारी साखळी जोडलेली असे. दांडा कमानीत फिरला तरी आतली सळई सरळच वरखाली होई, म्हणून झीज कमी. त्यावरूनच १९७०च्या दशकात युनिसेफच्या साहाय्याने ‘इंडिया मार्क २’ तयार झाला आणि पुढे आफ्रिकेतल्या गावांतही पोचला. चावडीपुढची हापशी याच घराण्यातली.

१९५८च्या केंद्रीय कायद्यानुसार प्राचीन स्मारकाला किमान १०० वर्षे पूर्ण व्हावी लागतात, त्यामुळे हिला ते संरक्षण नाही. घरोघरी नळ आले ही आनंदाचीच गोष्ट. पण म्हणून हापशी भंगारात जाऊ नये. ग्रामपंचायतीने निदान एक तरी चालू स्थितीत राखावी, साखळीला वंगण द्यावे, शेजारी बसवल्याचे साल लिहावे. बायकांच्या हातांनी गुळगुळीत झालेला तिचा दांडा बदलू नये.