गल्लीच्या मध्यरेषेपासून : प्रस्तावना

घर किती मोठे बांधावे, शेजाऱ्यापासून किती अंतर सोडावे आणि गाडी कुठे लावावी, या तीन प्रश्नांवर महाराष्ट्रात आज एकच पुस्तक प्रमाण आहे : डिसेंबर २०२०पासून लागू झालेली एकात्मिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली. बृहन्मुंबई, औद्योगिक महामंडळाची क्षेत्रे, थंड हवेची ठिकाणे असे काही अपवाद सोडले, तर पुण्यातल्या बाणेरचा आणि हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतचा नकाशा त्याच पुस्तकावरून तपासला जातो. मोठ्या शहरांच्या बांधकाम नियमांवर लिहिणारे बरेच आहेत. तालुक्याच्या गावात त्या नियमांचे प्रत्यक्षात काय होते, हे पाहणारे फार थोडे. म्हणून या विषयाकडे नव्याने वळणाऱ्यांचे स्वागत मला वसमतमधूनच करावेसे वाटते.

हे नियम आले कुठून, ते आधी पाहू. १८९६च्या प्लेगनंतर मुंबईत १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने साडेत्रेसष्ट अंशांचा नियम रूढ केला. खालच्या मजल्यावरच्या खोलीतही आकाशाचा उजेड पोचला पाहिजे, असा त्याचा हेतू. भूमितीच्या भाषेत त्याचा अर्थ सरळ आहे : समोरची इमारत मधल्या मोकळ्या जागेच्या साधारण दुपटीहून उंच नको. आज आपण ज्याला ‘मार्जिन सोडणे’ म्हणतो, त्यामागे हीच उजेडाची आणि हवेची काळजी आहे. पुढे १९१५चा मुंबई नगररचना कायदा झाला.

वसमतचा इतिहास वेगळा. हे गाव १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होते. मराठवाडा १९५६ साली मुंबई राज्यात आला. १९६५चा नगरपरिषदांचा कायदा आणि १९६६चा प्रादेशिक व नगररचना अधिनियम आल्यावरच मुंबईची आणि मराठवाड्याची कायद्याची वाट एक झाली. घरे मात्र त्याआधीच उभी होती, आणि ती निराळ्या समजुतीने बांधलेली होती. मराठवाड्यातले जुने माळवदाचे घर दोन्ही बाजूंनी शेजाऱ्याच्या भिंतीला लागून असते. त्याचा उजेड बाजूच्या मोकळ्या पट्ट्यातून येत नाही, मधल्या चौकातून येतो. नियम मोकळी जागा घराभोवती शोधतो. जुन्या घराने ती पोटात ठेवली आहे. माझ्या मते या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न इथे आहे. सोडलेला प्रत्येक मीटर कशासाठी, हे विचारल्याशिवाय तो पाळला गेला की मोडला गेला, एवढेच मोजत बसण्यात फारसे हशील नाही.

नियमावलीला या फरकाची जाणीव नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. दाट वस्तीसाठी तिच्यात वेगळे नियम आहेत आणि आतल्या चौकालाही स्थान आहे. साडेचार मीटरपेक्षा अरुंद गल्लीत मध्यरेषेपासून सव्वादोन मीटर मागे सरून बांधायचे, हा नियम मला विशेष शहाणपणाचा वाटतो. तो कुणाचे घर आज पाडत नाही. एकेक घर नव्याने बांधले जाईल तसतशी गल्ली रुंद होत जाते, आणि त्याला एक-दोन पिढ्या लागतात. पण तोवर गल्लीची कड दातेरी दिसते आणि पुढे आलेल्या जुन्या घरामागे नवे घर दबल्यासारखे होते. आधी मागे सरणाऱ्याला तोटा वाटतो. मग तो ओटा पुढे काढतो, पायऱ्या गल्लीत आणतो.

खरी अडचण गावठाणाबाहेरच्या प्लॉटिंगमध्ये आहे. वीस बाय पन्नासचा प्लॉट घ्या. वीस फूट म्हणजे सहा मीटरच्या जरा वर. दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर सोडले, तर घराच्या रुंदीला तीन मीटर उरतात. त्यातून भिंतींची जाडी वजा करा. म्हणून जोडघरांची आणि ओळीतल्या घरांची तरतूद असते. पण ती आधी मंजूर ले-आऊटमध्ये धरावी लागते. शेतातला तुकडा गुंठ्यांनी विकला गेला आणि नंतर दोघा भावांत वाटणी झाली, तर ती सोय कुणाच्याच कागदावर नसते. २००१चा गुंठेवारी कायदा आणि त्यातली कट-ऑफ तारीख ३१ डिसेंबर २०२०पर्यंत नेणारी दुरुस्ती, ही दोन्ही याच पेचातून आली. त्यातच नियमावलीप्रमाणे १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला तज्ज्ञाच्या प्रमाणपत्रासह नकाशा आणि शुल्क दिले की पावती हाच परवाना. ही सवलत गरजेची आहे. मात्र तिच्यामुळे मोजमापाची जबाबदारी अभियंत्याच्या सचोटीवर येते.

या जिल्ह्यात अंतराला आणखी एक अर्थ आहे. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरातले लोक जमिनीतून येणारे गूढ आवाज कित्येक वर्षे ऐकत आहेत. २०२४ साली २१ मार्च आणि १० जुलैला हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. अशा ठिकाणी खेटून उभ्या, वेगवेगळ्या उंचीच्या दोन इमारती हादऱ्यात एकमेकींवर आदळू शकतात. घराबाहेर पडायलाही मोकळी वाट लागते.

पार्किंगचे काय? नियमावली मोटारीला अडीच बाय पाच मीटर आणि दुचाकीला एक बाय दोन मीटर जागा धरते. घरांसाठीची गणना सदनिकेच्या चटईक्षेत्रावरून होते. वसमत हळदीची मोठी बाजारपेठ. हंगामात इथल्या दारात ट्रॅक्टर-ट्रॉली उभी असते आणि ती या गणनेत बसत नाही. जपानने १९६२च्या कायद्याने हा भार गाडीच्या मालकावर टाकला : जागा दाखवा, मग गाडी घ्या. आपण तो घर बांधणाऱ्यावर टाकला आहे, म्हणजे गाडी नसलेल्यावरही. तालुक्याच्या गावात कोणता मार्ग न्याय्य ठरेल, यावर मन लावून अभ्यास व्हायला हवा.

सुरुवात एका गल्लीपासून करावी. मालमत्ता पत्रक, सिटी सर्व्हेचा नकाशा, नगरपरिषदेची कर आकारणी नोंद आणि बांधकाम परवाना ही चारही कागदपत्रे एकाच घराची मिळवावीत, मालकाची संमती घ्यावी आणि टेप लावावा. चार कागदांत आणि टेपात फरक निघाला, तर आधी घरातल्या वडीलधाऱ्यांकडे चौकशी करावी : वाटणी कधी झाली, भिंत कुणी घातली, पन्हाळीचे पाणी कुणाच्या अंगणात पडते.