प्रेझेंट म्हणजे काय? एक स्पेलिंग, तीन शब्दप्रकार

शाळेत हजेरीला 'प्रेझेंट' म्हणताना ओळखीचा झालेला हा इंग्रजी शब्द वाक्यात नाम, क्रियापद आणि विशेषण अशा तिन्ही रूपांत येतो. डिक्शनरीत शब्दापुढे छापलेली एन, व्ही, एडीजे ही खूण तेच सांगते.

नाम असताना अर्थ भेटवस्तू किंवा वर्तमानकाळ. क्रियापद असताना सादर करणे. तेव्हा उच्चार 'प्रिझेंट' होतो आणि जोर शेवटच्या 'झेंट'वर जातो.

खरी गफलत होते ती विशेषणात. 'मेंबर्स प्रेझेंट' म्हणजे हजर असलेले सदस्य. 'प्रेझेंट मेंबर्स' म्हणजे सध्याचे सदस्य, मग ते सभेला आलेले असोत वा नसोत. मराठीत 'हजर' आणि 'सध्याचे' हे दोन वेगळे शब्दच आहेत, त्यामुळे इंग्रजीत केवळ जागा बदलल्याने अर्थ फिरतो हे चटकन ध्यानात येत नाही.

हाउसिंग सोसायटीच्या इतिवृत्तात 'ऑल द प्रेझेंट मेंबर्स ॲग्रीड' असे लिहिले, तर घरी बसलेल्यांचीही संमती असल्याचा अर्थ निघतो! तिथे 'ऑल द मेंबर्स प्रेझेंट ॲग्रीड' असे हवे.