टो लाइन, सागरी कयाकची

थकलेल्या, जायबंदी झालेल्या किंवा बोट लागलेल्या माणसाची कयाक दुसऱ्या कयाकने ओढत नेण्यासाठी वापरायची दोरी. या दोरीत ओढणाराही अडकू शकतो. म्हणून तिची निवड करताना मजबुतीआधी सुटकेची सोय पाहावी लागते.

प्रकार : कमरपट्ट्याचा प्रकार सर्वाधिक रूढ आहे. दोरी पट्ट्यावरच्या पिशवीत असते आणि पट्टा लाइफ जॅकेटवरून बांधतात. तो कोणत्याही कयाकवर चालतो, पण सगळी ओढ कमरेवर येते. दुसऱ्या प्रकारात दोरी बैठकीमागे डेकवर बसवलेल्या क्लीटला अडकवतात. भार कयाक पेलते, मात्र ही सोय त्या एकाच कयाकपुरती राहते. खडकांजवळून कोणाला चटकन बाजूला खेचण्यासाठी सुमारे १ मी. लांबीची आखूड दोरी वेगळी बाळगतात.

लांबी : दोरी आखूड असेल, तर मागून येणाऱ्या लाटेवर घसरत आलेली कयाक ओढणाऱ्याच्या पाठीत आदळू शकते. सागरी कयाकच साधारण ५ मी. लांब असते, त्यामुळे खुल्या समुद्रासाठी सुमारे १५ मी. दोरी घेतात. शांत पाण्यात तिचा अर्धा भाग साखळीसारखा गुंफून ठेवतात.

साहित्य : पॉलिप्रॉपिलीन तरंगते व स्वस्त पडते, पण उन्हाने कमकुवत होते. डायनीमाही तरंगते आणि बारीक असून फार मजबूत असते. मात्र ती जवळजवळ ताणली जात नाही व हाताला काचते. नायलॉन हिसका सोसते, पण पाण्यात बुडते. हिसके कमी करण्यासाठी दोरीला शॉक कॉर्डचा तुकडा जोडतात. टोकाच्या कॅराबिनरचे तोंड गुळगुळीत असावे आणि त्याच्याजवळ फ्लोट असावा.

सुटका : दोरी पूर्ण ताणलेली असताना गारठलेल्या एका हाताने बकल सुटले पाहिजे. पट्ट्याचे उरलेले टोक खोचून ठेवले, तर बकल उघडूनही पट्टा निघत नाही. ते मोकळे सोडावे. खरेदीपूर्वी कोणाला तरी दोरी जोरात ओढायला सांगून ही चाचणी घ्यावी. हाताशी सुरीही असावी. लाटा फुटतात त्या पट्ट्यात शिरण्यापूर्वी दोरी सोडतात.

निगा : वापरानंतर दोरी गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावी. वेटोळी न करता ती पिशवीत थोडीथोडी कोंबत भरावी. म्हणजे गुंता न होता बाहेर येते. बकलमध्ये अडकलेली वाळू प्रत्येक वेळी काढावी.